मापात पाप? ३७ लिटरच्या टाकीत ४०.३८ लिटर पेट्रोल

सांजवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. डोकं जरा तापलंय म्हणून लिहितेय, काही चुकत असेल तर सांगा.

परवा साताऱ्याहून पुण्याला येत होते. निघतानाच पेट्रोलचा दिवा लागला होता. खंबाटकी उतरल्यावर भरू, शिरवळला भरू असं करत पन्नासेक किलोमीटर तशीच आले. शेवटी हमरस्त्यावरच्या एका पंपावर थांबून टाकी फुल करायला सांगितली. नोझल खटकन बंद झालं तेव्हा आकडा साडेसदतीसच्या आसपास होता. पंपावरच्या पोराने विचारलं, "राउंड करू का ताई?" मी हो म्हटलं. थोडं थोडं करत त्याने बरोबर ४,२०० रुपये केले. घरी येऊन पावती बघितली तर ४०.३८ लिटर!

गाडीच्या पुस्तिकेत टाकी ३७ लिटरची लिहिली आहे. शिवाय आत थोडं शिल्लक होतंच, टाकी कोरडी नव्हती. मग वरचं पेट्रोल गेलं कुठे? नवरा म्हणतो सोडून दे. मला सोडवत नाही. तक्रार करायची तर कुठे? ग्राहक मंच, वजनमापवाले की कंपनी? आणि पुरावा म्हणून पावती पुरेल का?

---

खटाटोप

पुरावा कसला मागताय, सगळेच चोर आहेत. मी गेली दहा वर्षं १०० चं पेट्रोल कधी भरत नाही. ११० किंवा १२३ असं काहीतरी सांगतो. शंभर, दोनशे, पाचशेला मशीनमध्ये सेटिंग करून ठेवलेलं असतं. आणि भरायचं ते पहाटे, गार असताना. दुपारी निम्मी वाफच मिळते.

---

भौतिकवेडा

@खटाटोप, पहाटेचं राहू द्या. पेट्रोल साधारण एका अंशाला ०.१ टक्का फुगतं, म्हणजे दहा अंशांना एक टक्का. पण टाकी जमिनीखाली पुरलेली असते. वर ऊन असो की दव, खालचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. तुम्ही पहाटे उठता ते तब्येतीला चांगलं आहे, एवढंच.

उन्हाळा आणि हिवाळा यांत मात्र थोडा फरक पडतो, आणि आपल्याकडे पंपावर तापमानाची दुरुस्ती होत नाही. लिटर म्हणजे जसं येईल तसं लिटर.

---

टोरंटोकर

इकडे होते. पंपावर स्टिकर असतो, १५ अंश सेल्सियसला दुरुस्त केलेलं माप म्हणून. जानेवारीत उणे वीस असताना लोक त्याच स्टिकरकडे बोट दाखवून कंपन्यांना शिव्या घालतात, कारण गारठलेलं दाट पेट्रोल मिळायचा फायदा जातो. कुठेही जा, माणूस समाधानी नाही.

---

शिक्कामोर्तब

सांजवाराताई, मी वैध मापन खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. लोक अजून 'वजनमापवाले' म्हणतात, चालतं. नोकरीत अशी तक्रार महिन्याला एक तरी यायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाकीची क्षमता हे माप नाही. पुस्तिकेतला आकडा गाडीच्या कंपनीने ढोबळपणे दिलेला असतो. पेट्रोल फुगायला आणि वाफेला वर जागा सोडलेली असते, शिवाय भरायच्या नळीत काही मावतं. नोझल खटकन बंद झाल्यावर 'राउंड' करताना त्या पोराने ती मोकळी जागा आणि नळी भरली. साडेसदतीसवरून ४०.३८, म्हणजे जवळजवळ तीन लिटर. असं करू नये. वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा गाडीत असतो, त्यात द्रव पेट्रोल गेलं तर तो खराब होतो आणि खर्च तुमचाच.

आता उलटं गणित करून बघा. टाकी खरंच काटेकोर ३७ ची आणि आत २ लिटर शिल्लक धरले, तर तुम्हाला ३५ मिळाले आणि मशीनने ४०.३८ दाखवले. म्हणजे तेरा टक्के चोरी. इतका मोठा हात कुणी मारत नाही. मापात पाप करणाऱ्याचं पहिलं तत्त्व म्हणजे गिऱ्हाइकाला कळता कामा नये. तेरा टक्क्यांवर तर रिक्षावाले आठवड्यात पंप फोडतील.

याचा अर्थ पंप स्वच्छ आहे असा नाही. तुमच्याकडे जो पुरावा आहे तो पुरावाच नाही, एवढंच सांगतोय. टाकी सिद्ध करत नाही, गाडीची सरासरी सिद्ध करत नाही आणि पेट्रोलच्या काट्याचा कल तर मुळीच नाही. पंपावर एकच गोष्ट बोलते, ते पाच लिटरचं माप.

---

सांजवारा

काका, खूप आभार. थोडी शरमही वाटली. पण हे पाच लिटरचं माप मी मागू शकते का? ते लोक देतील?

---

शिक्कामोर्तब

मागू शकता, आणि त्यांनी द्यायलाच हवं. फुकट. प्रत्येक पंपावर खात्याने तपासून शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं. धातूचं शंकूसारखं भांडं असतं, वर अरुंद गळा आणि गळ्यावर मिलिलिटरच्या खुणा. गळा अरुंद ठेवण्याचं कारण असं की दहा मिली कमी-जास्त झालं तरी पातळी डोळ्यांना दिसेल इतकी हलते. बादलीत पाच लिटर मोजलं तर शंभर मिलीचाही पत्ता लागणार नाही.

रीत अशी. आधी माप एकदा भरून रिकामं करायचं, म्हणजे आतून ओलं होतं. धार तुटल्यावर अर्धा मिनिट उलटं धरून निथळू द्यायचं. कोरड्या मापात मोजलं तर भिंतींना चिकटलेलं पेट्रोल तुम्हाला कमी दिसेल आणि पंपवाल्यावर विनाकारण आळ येईल. मग माप सपाट जागेवर ठेवायचं, मशीन शून्यावर आणायचं, पूर्ण धारेने पाच लिटर सोडायचे आणि डोळा खुणेच्या समपातळीवर आणून वाचायचं. वरून वाकून नाही.

पाच लिटरला २५ मिलीपर्यंत कमी-जास्त कायद्याला चालतं. अर्धा टक्का. तुमच्या चाळीस लिटरवर २०० मिली, म्हणजे वीस-एकवीस रुपये. त्याच्या आत असेल तर तक्रार टिकत नाही. २५ मिलीहून जास्त कमी भरलं तर त्या नोझलची विक्री तिथल्या तिथे थांबते.

आणि हो, माप हातात आलं की आधी त्याच्यावरचा शिक्का बघा. शिक्क्यात वर्ष असतं आणि ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर. वर्षाचे चार तिमाही भाग, त्यातल्या कुठल्या भागात पासिंग झालं, म्हणजे तपासून शिक्का मारला, ते अक्षर सांगतं. मापाचं पासिंग दर चोवीस महिन्यांनी होतं, मशीनचं दर बारा महिन्यांनी. त्याचं प्रमाणपत्र ठळक जागी लावायचं असतं. बऱ्याच ठिकाणी ते मॅनेजरच्या केबिनमध्ये गणपतीच्या कॅलेंडरमागे असतं.

---

खटाटोप

अर्धा टक्का "चालतं" म्हणजे सरकारनेच चोरीला परवाना दिला की! पंपवाला सगळी नोझलं उणे २० वर लावून ठेवेल आणि कायद्यात बसेल. वाऽ!

---

शिक्कामोर्तब

प्रश्न बरोबर आहे, टिंगल नको. कुठलंही मापनयंत्र बिनचूक नसतं, मीटरचे पिस्टन झिजतात, म्हणून सूट ठेवावी लागते. सूट दोन्ही बाजूंना आहे, अधिक २५ आणि उणे २५. पासिंगच्या वेळी मी शक्यतो शून्याच्या जवळ आणून मगच सील करत असे. पण सगळे निरीक्षक तेवढा वेळ देतात असं मी छातीठोक म्हणणार नाही. एकेकाकडे किती पंप, किती बाजार, किती काटे असतात ते बघितलंय मी.

---

तेलगंगा

आमचा विदर्भात पंप आहे, वडिलांच्या काळापासून. इतका वेळ वाचत होतो, आता राहवलं नाही.

रोज सकाळी विक्री सुरू करण्याआधी आम्ही प्रत्येक नोझलचं पाच लिटर टेस्टिंग करतो आणि रजिस्टरला लिहितो. ते पेट्रोल परत जमिनीखालच्या टाकीत ओततो. कंपनीचा अधिकारी आला की पहिलं ते रजिस्टर मागतो. नोझल अधिक दाखवायला लागलं तर नुकसान आमचं. १० मिली अधिक म्हणजे दर हजार लिटरला दोन लिटर फुकट गेले. महिन्याच्या शेवटी त्याचा हिशोब कोणी देत नाही आम्हाला.

टँकरचंही सांगतो. डेपोतून भरलेला टँकर आमच्याकडे येईपर्यंत तापमान बदलतं. डिपरॉड घालून पातळी बघायची, घनता मोजायची, तक्त्यावरून १५ अंशांची काढायची, डेपोतून आलेल्या चलनाच्या कागदाशी जुळवायची. घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक आला तर माल उतरवून घ्यायचा नाही. ग्राहकाला दिसते ती फक्त नोझल. तिच्या मागे आमचंही मापाचंच भांडण चालू असतं, फक्त वर कंपनीशी.

११० रुपयांच्या सेटिंगबद्दल: भाऊ, १०० चं बटण दाबलं काय, ११० दाबलं काय, मशीन आधी लिटरच मोजतं आणि त्याला दराने गुणतं. मीटरमध्ये गडबड केली असेल तर ती ११० लाही लागू. पोरगं तुमच्या १२३ ला आतल्या आत हसत असेल.

---

सांजवारा

@तेलगंगा, दुसरी बाजू लिहिल्याबद्दल धन्यवाद. पण मग ते चिपचं प्रकरण? ते तर खोटं नव्हतं ना?

---

तेलगंगा

नव्हतं. मान खाली घालून सांगतो, नव्हतं.

---

शिक्कामोर्तब

२०१७ चं. एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या एसटीएफने (विशेष कृती दलाने) लखनौत छापे घातले आणि मशीनमध्ये रिमोटवर चालणाऱ्या चिप सापडल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच आपल्याकडे ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने मोहीम उघडली, आमचं खातं आणि तेल कंपन्यांची माणसं सोबत होती. वेगवेगळ्या जिल्ह्यांत पंप तपासले, मशीनमधले पल्सर आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं जप्त झाली.

हे कसं चालतं ते सोपं करून सांगतो. मशीनच्या पोटात चार पिस्टनचा मीटर असतो. पेट्रोल त्यातून गेलं की दांडा फिरतो. त्या दांड्यावर पल्सर बसवलेला असतो, तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ठोके पाठवतो. वरचं कार्ड ठोके मोजून लिटर दाखवतं. जुन्या काळी चोर मीटरलाच हात घालायचा, त्यासाठी शिशाचं सील तोडावं लागायचं आणि तोडलेलं सील आम्हाला दिसायचं. चिपवाल्याने मीटर तसाच ठेवला आणि ठोके वाढवले. पेट्रोल तेवढंच, ठोके जास्त. सील जागच्या जागी! आणि रिमोटची गंमत अशी की मापाचं भांडं दिसलं रे दिसलं की बटण बंद, पाच लिटर चोख.

म्हणून आधी मी जे 'माप बोलतं' म्हटलं, त्याला एवढी पुस्ती. माप चोख आलं आणि तरीही त्या पंपावरून रोज भरणाऱ्या पाच-दहा जणांना शंका असेल, तर पंपावर वाद घालू नका. गुपचूप खात्याच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या. मशीन उघडून पल्सर आणि कार्ड तपासायचा अधिकार निरीक्षकाला आहे, तुम्हाला नाही.

---

आबा_ट्रॅक्टरवाले

आमच्या कागल भागातली गोष्ट सांगतो. चिप-बिप लांबची, इथं हातचलाखीच लई. मागं पाव्हण्याच्या गाडीत पाचशेचं टाकाय सांगितलं. पोरानं दोनशेवर थांबवलं, म्हणला "दोनशे ऐकलं वो." बरं म्हटलं, टाक अजून तीनशे. दुसरा पोरगा काच पुसाय आला, कार्ड का कॅश इचारतोय. इकडं पहिल्यानं मशीन शून्यावर आणलंच न्हाई. दोनशेवरनंच पुढं चालू केलं आन् तीनशेवर बंद. म्हंजे तीनशेचं तेल आन् पैसं पाचशे! पाव्हणा बोलला तवा कबूल झालं.

माझा खरा सवाल येगळाच हाय. मी २० लिटरच्या कॅनमधी डिझेल आणतो. कॅनवरच्या २० च्या रेघंच्या खालीच राहतंय दर खेपेला. लिटरभर तरी कमी. ह्ये काय?

---

खटाटोप

झालं! म्हटलं नव्हतं?

---

भौतिकवेडा

आबा, प्लास्टिकच्या कॅनवरची रेघ म्हणजे कारखान्यातल्या साच्याची रेघ. तिच्यावर कुणाचा शिक्का नसतो, आणि कॅन भरला की पोट फुगतं, पातळी खाली जाते. मोजायचंच असेल तर वजन करा. डिझेलची घनता पंपावर विचारा. ती १५ अंशांची सांगतील, आपल्याकडच्या उकाड्यात त्याहून जरा कमी धरायची. लिटरला साधारण ८२० ग्रॅम धरा. वीस लिटरचे १६ किलो ४०० ग्रॅम व्हायला हवेत. रिकाम्या कॅनचं वजन आधी करून ठेवा.

---

रानजाई

अवांतर: आजी रेशनच्या रॉकेलची गोष्ट सांगायची. दुकानदार माप जोरात बुडवून काढायचा, वर हा एवढा फेस. फेस बसेपर्यंत थांब म्हटलं की मागच्या रांगेतल्या बायकाच ओरडायच्या. आणि मापाचा तळ आतून ठोकून वर आणलेला. आजी स्वतःची पितळी लोटी घेऊन जायची आणि पहिल्यांदा त्यात ओतायला लावायची. दुकानदार तिला 'इन्स्पेक्टरीणबाई' म्हणायचा.

---

कोर्टाची_पायरी

मूळ प्रश्न राहून गेला, तक्रार कुठे करायची. मी वकिली करते, ग्राहक आयोगातच जास्त काम आहे. आता 'मंच' नाही, ताई, 'आयोग' म्हणायचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून.

तीन वेगळे रस्ते आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं. गोंधळ तिथेच होतो.

पहिला, वैध मापन खातं. २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा, १ एप्रिल २०११ पासून अमलात. आपल्याकडे हे खातं अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाखाली येतं. माप कमी, शिक्का नाही, सील तुटलेलं, हे सगळं त्यांचं. ते तपासतील, जप्त करतील, खटला भरतील. तुमचे पैसे परत मिळवून देणं हे त्यांचं काम नाही. मूळ कायद्यात कलम ३० खाली, पैसे घेतले त्यापेक्षा कमी माल दिला तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड होता, दुसऱ्यांदा सापडला तर वर्षापर्यंत कैद. मापात फेरफार केला तर कलम २६, तिथे दंड पन्नास हजारांपर्यंत. शिवाय कलम ३० सारख्या गुन्ह्यांना कलम ४८ मध्ये तडजोडीची सोय आहे, रक्कम भरून प्रकरण मिटतं. काका याबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

दुसरा, तेल कंपनी. पंपवाला डीलर असतो आणि तो कंपनीच्या शिस्तीच्या नियमांना बांधलेला असतो. मशीनमध्ये छेडछाड सिद्ध झाली तर कंपनी डीलरशिपच रद्द करू शकते. पंपवाल्याला दहा हजारांची भीती नाही, या कागदाची आहे. पंपावरच्या फलकावर विक्री अधिकाऱ्याचा नंबर असतो, आणि तक्रार वही मागितली की द्यावी लागते.

तिसरा, ग्राहक आयोग. नुकसानभरपाई हवी असेल तर इथे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, पंप कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. दाखल ऑनलाइन होते. पण प्रामाणिकपणे सांगते, दोनशे मिली पेट्रोलसाठी एकटीने जाऊ नका. एकाच पंपाने अनेकांना तसंच फसवलं असेल तर आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने एक तक्रार करता येते. तिला वजन येतं.

आणि आबा, शेतीसाठी डिझेल घेता म्हणून 'व्यावसायिक वापर' असा मुद्दा समोरचा वकील काढेल. घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस कायद्याच्या लेखी ग्राहकच आहे.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १९१५ लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलतात. पावती मात्र दर वेळी घ्या. पावती नाही तर तुम्ही त्या पंपावर गेलातच नाही असं मी समोरच्या बाजूने म्हणेन.

---

शिक्कामोर्तब

तडजोडीबद्दल काय सांगू. बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात. आम्ही उन्हात उभं राहून केस करायची आणि तो आठवड्यात पैसे भरून मोकळा. पण कोर्टात वर्षानुवर्षं लोंबकळण्यापेक्षा काहीतरी वसूल होतं, असंही त्यावर म्हणता येतं. मी दोन्ही बाजूंनी भांडलो आहे, मूड असेल तसा.

दुचाकीवाल्यांसाठी एक. मशीनच्या नावपट्टीवर कमीत कमी किती मोजावं ते लिहिलेलं असतं. पन्नास रुपयांचं पेट्रोल म्हणजे अर्ध्या लिटरहूनही कमी, ते बहुतेक वेळा त्याच्या खालीच जातं. तिथे अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेची अपेक्षा धरू नका. जमेल तेव्हा एकदम भरा.

पाइप उंच धरून झटकणारे असतात, त्यांनाही सांगतो. पाइप कायम भरलेलाच असतो. तुमच्या आधीच्याने झटकला नाही आणि तुम्ही झटकलात तरी थेंब-दोन थेंबच येणार.

---

जुनाबाजार

आणि भेसळ? पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी येतं त्याचं काय?

---

तेलगंगा

मापाच्या धाग्यात भेसळ आणली की दोनशे प्रतिसाद होतील, म्हणून थोडक्यात. फिल्टर पेपर पंपावर मिळतो, मागा. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. डाग राहिला तर जड काहीतरी मिसळलंय. डिझेलला ही चाचणी लागू नाही. पाण्याचं म्हणाल तर इथेनॉल मिसळायला लागल्यापासून आम्हालाच धडकी असते. आधी पाणी शिरलं तर टाकीच्या तळाला बसायचं. आता इथेनॉल ते ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाणी मिळून खाली बसतं. पावसाळ्यात मी रात्री उठून टाकीचं झाकण बघून येतो, बायको हसते.

---

सांजवारा

अपडेट! जाऊन आले.

रविवारी सकाळी नवऱ्यालाच गाडी चालवायला लावली. पंपावर पाच लिटरचं माप मागितलं. पहिलं उत्तर: "मॅनेजर नाहीत." म्हटलं, थांबते. दुसरं उत्तर: "मॅडम, चाळीस लिटरची गाडी आहे, पाच लिटरने काय कळणार?" म्हटलं, तेच कळायचंय. मागे तीन रिक्षा लागल्या होत्या. त्यातल्या एका काकांनी "द्या की भाऊ, आम्हालाही बघू द्या" म्हटल्यावर आतून माप आलं. धूळ बसलेलं.

ओलं करायला लावलं, निथळू दिलं. पोराला माझी कटकट वाटली असणार, पण सगळं केलं त्याने. शून्य, पूर्ण धार, पाच लिटर. मी फरशीवर चक्क गुडघे टेकून वाचलं. उणे दहा मिली. आणि खरं सांगते, थोडी निराशा झाली!

मग काकांचं आठवलं म्हणून शिक्का शोधला. गळ्याजवळ होता, अक्षर सी आणि वर्ष मात्र तीन वर्षांपूर्वीचं. मशीनचं प्रमाणपत्र विचारलं तर ते चालू वर्षाचं होतं, व्यवस्थित. माप तेवढं पासिंगविना. फोटो काढला. आता काय?

---

शिक्कामोर्तब

शाब्बास. आता लेखी तक्रार. मुदत संपलेलं माप वापरात ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे, उणे दहा आलं की अधिक दहा याचा त्याच्याशी संबंध नाही. जिल्हा कार्यालयाला द्या, फोटो जोडा, तारीख-वेळ लिहा. "चोरी" हा शब्द लिहू नका, जे बघितलं तेवढंच लिहा.

---

तेलगंगा

@सांजवारा, ताई, आता राग मानू नका, पण त्या मापानेच तो रोज सकाळी टेस्टिंग करतो. ते माप चुकीचं असेल तर त्याचं स्वतःचं रजिस्टरही चुकीचं. यात पहिला फटका त्यालाच बसू शकतो.

---

सांजवारा

(साडेतीन आठवड्यांनी)

धागा वर काढते, माफ करा. निरीक्षक जाऊन आले, मला फोनही आला. त्यांच्या मापाने माझं नोझल उणे पंधरा, मर्यादेत. शेजारचं डिझेलचं नोझल मात्र अधिक २०, म्हणजे तो लोकांना जास्त देत होता! पंपाच्या मापाची केस झाली. माझे ४,२०० रुपये जसे गेले तसे गेले, टाकीही माझीच मोठी निघाली.

---

खटाटोप

मॅनेज केलं असेल.

---

आबा_ट्रॅक्टरवाले

माझं पण ऐका. भौतिकवेड्या पोरा, तू सांगितल्यागत केलं. रिकामा कॅन १ किलो १००. डिझेल भरून आणून गावातल्या दूध संस्थेच्या काट्यावर ठिवला. १७ किलो ५००. वजा केलं तर १६ किलो ४०० भरलं की रं! पंपवाला चोख, कॅनची रेघच खोटी.

पर काटा बघता बघता माझं ध्यान त्याच्या कडंला गेलं. शिक्का शोधला, चष्मा लावून शोधला. घावला न्हाई. त्याच काट्यावर धा वर्सं मी सकाळ-सांजचं दूध घालतोय.

---

शिक्कामोर्तब

आबा, त्यासाठी वेगळा धागा काढा. मी येतो तिथे.